उतारावर दुसरा गिअर

४ ऑक्टोबर, गुरुवार

हेल्मेट खरं केवढ्याला पडलं? लिहूनच ठेवतो. छापील किंमत — ती तर दिलीच. अधिक दोन फेऱ्या, कारण पहिलं लहान निघालं. अधिक हिची लोकरी टोपी — मापासाठी गुपचूप उचलून नेली आणि दुकानाच्या काउंटरवर विसरून आलो. परत गेलो तर टोपी गायब! अधिक त्या टोपीपायी घरात उपसलेली कपाटं. अधिक एक खोटं — “तूच कुठेतरी ठेवली असशील, आठव जरा.” अधिक त्या खोट्याची भरपाई म्हणून नवी टोपी, जी हिला आवडली नाही. आणि एवढं होऊन हेल्मेट आहे कुठे? वर्कशॉपमध्ये, पंपांच्या खोक्यांमागे, गोणपाटाखाली!

लग्नाला इतकी वर्षं झाली. कुठल्या पंपाला कुठलं बेअरिंग बसतं ते झोपेतून उठवून विचारा, सांगतो. पण दुकानातल्या पोरीने बायकोच्या डोक्याचं माप विचारलं, तर मी आपले दोन हात हवेत धरून उभा — “एवढं.” ती म्हणाली, “काका, कलिंगड घ्यायला आलात का?”

घाई कशाची, तर पेपरात आलंय — नवा बोगदा तयार. एक तारखेपासून जुना घाट गाड्यांना बंद. हवं तर पायी जा म्हणे. म्हणजे माझ्या हातात हा महिना. तेवढ्यात हिला मागच्या सीटवर बसवायचं. एकदाच. घाट चढून, घाट उतरून. बस्स!

६ ऑक्टोबर

घाट डोक्यातून जात नाही.

पहिली गाडी घेतली तेव्हा तिचे दोन मालक आधीच होऊन गेले होते. वर्कशॉप नव्हतं, पाटी नव्हती — हँडलला अडकवलेली हत्यारांची पिशवी, तेच दुकान. उन्हाळ्यातली पंपांची धावपळ आटोपून हातात चार पैसे खुळखुळले की हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही दोघं घाटात जायचो. चढताना गाडी रडायची. माथ्यावर एक चहा दोघांत. आणि उतरताना — न्यूट्रल टाकायचा, किल्ली फिरवून इंजिन बंद, गाडी आपली आपण खाली! पहिल्या वर्षी पेट्रोल खरोखर परवडत नव्हतं म्हणून. पुढे टाकी भरलेली असली तरी, गंमत म्हणून. काय ती शांतता! दिवसभर पंपांची घरघर ऐकणारे माझे कान — त्यांना वर्षातून तेवढीच सुट्टी. टायरची सळसळ, चेनची टिकटिक, आणि पाठीवर ही.

झोपलेली! माझ्या खांद्यांच्या मधोमध कपाळ टेकलेलं, दोन्ही मुठींत माझा शर्ट, तान्ही मुलं झोपतात तशी.

हे मी किती जणांना ऐकवलंय त्याला गणती नाही. गाडी चालवणारे पुष्कळ, म्हणतो, पण भर घाटात मागे बायकोला गाढ झोप लागेल अशी चालवणारा एक दाखवा! घाटाची चोवीस वळणं मला तोंडपाठ. मधल्या मोठ्या वळणावर खाली तळं दिसतं, निळंशार. ते हिने एकदाही पाहिलं नाही. पायथ्याशी थांबलो की मी दर वर्षी म्हणायचो, “झोपाळूबाई, तळं गेलं!” ही उतरायची, केस सारखे करायची आणि पाणी मागायची.

मग एका वर्षी म्हणाली, “पाठ धरते हो माझी. मी बसने येते, तुम्ही या गाडीवरून.” तेव्हापासून बसच. बाजारात बस, लेकीकडे बस. कधी सिग्नलला हिची बस शेजारी येऊन उभी राहते आणि ही खिडकीतून हात करते. मीही करतो. आपल्याच बायकोला रस्त्यात हात करणारा माणूस!

पुढून वारा केवढाही येवो, त्याचं काही वाटत नाही. पाठीला लागतो. पूर्वी पाठ गरम असायची.

९ ऑक्टोबर

आज विषय काढला. सहज काढल्यासारखा.

“घाट बंद होतोय म्हणे.”

“हो. वाचलं.”

“जाऊन येऊ एकदा.”

“जाऊ की. बस जाते ना माथ्यापर्यंत.”

“अगं, नवी गाडी बघ तरी. मागची सीट म्हणजे सोफा आहे सोफा!”

“मग आणून ठेवा हॉलमध्ये. बसते.”

पाठ धरते म्हणे! याच पाठीने हिने परवा टोपी शोधताना कपाट एकटीने भिंतीपासून ओढलं! पण टोपीचा विषय मला परवडणारा नव्हता.

११ ऑक्टोबर

लेकीचा फोन. गाऱ्हाणं मांडलं — तुझी आई माझ्यामागे बसत नाही. वाटलं, बाजू घेईल. तर हसायलाच लागली!

“बाबा, मी कॉलेजला तुमच्या मागे बसून जायचे ना, तुम्ही गिअर बदलला की माझं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटायचं. टक! परत गिअर, परत टक! कॉलेज येईपर्यंत कपाळ सुजायचं.”

“तुझी आई नाही कधी आपटली.”

“आई तुम्हाला सांगणार आहे होय?”

काय सांगायचं राहिलंय तिचं? अख्खा दिवस तर सांगत असते — नळ गळतोय, दूध आणा, पाय पुसून या. पण लेकीने सोडलं नाही. जुन्या बाजाराच्या पटांगणात दर रविवारी एक बाई मोटारसायकल शिकवतात म्हणे, तिथे जा. मी! या वयात! शिकायला!

रागाने फोन ठेवला. मग पुन्हा लावून पत्ता विचारला.

१४ ऑक्टोबर, रविवार

गेलो. सगळी पोरंपोरी, मध्ये मी एकटा पिकल्या केसांचा. बाई आमच्या लेकीच्या वयाच्या, किरकोळ अंगाच्या, आवाज मात्र शिट्टीसारखा.

“काका, किती वर्षं चालवताय?”

“तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून.”

“अरे वा! म्हणजे तुम्हाला वेळ लागणार.”

पोरं हसली. मीही हसलो, न हसून सांगतो कुणाला.

एक फेरी मारायला लावली. मी ऐटीत मारली. परत आलो तर म्हणतात, “इंजिन कण्हत होतं, ऐकू आलं का?” मला विचारतात! स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर आणि मूठ कानाला लावून आतलं काय बिघडलंय ते सांगणारा मी. फोनवर नुसता आवाज ऐकून दुरुस्ती सांगितली आहे! तरी पुन्हा फेरी मारली, या खेपेला कान देऊन. कण्हत होतं. चालण्याच्या वेगाला मी वरचा गिअर टाकून बसलो होतो. इतकी वर्षं हेच करतोय — गाडी जरा हलली की टाक वरचा, टाक वरचा, पेट्रोल वाचतं! पोट उपाशी असताना लागलेली सवय पोट भरल्यावरही बसून राहिली, भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखी.

बाईंचं म्हणणं साधं आहे. वळण यायच्या आधी गिअर. एकदा वळणात शिरलात की गाडीला आणखी काही सांगू नका. आणि गिअर खाली टाकताना किंचित अ‍ॅक्सिलरेटर देऊन मग क्लच सोडा. नाहीतर मागचं चाक एकदम आखडतं आणि मागचं माणूस तुमच्यावर येऊन आदळतं.

टक!

१५ ऑक्टोबर

क्लच दाबून दाबून डावा हात उचलवत नाही. आमचा फोरमन म्हणतो, “मालक, कुस्ती खेळून आलात का?” म्हटलं, हो, आणि हरलो.

१८ ऑक्टोबर

सरावाला एक युक्ती काढली. प्लास्टिकचा कॅन गळ्यापर्यंत पाण्याने भरायचा, झाकण न लावता, आणि मागच्या सीटवर दोरीने आवळून बांधायचा. गिअर नीट पडला तर मागून आवाज नाही. चुकला तर — डुबुक! कानाला दुसरं काही विचारायला नको. पाण्याच्या धंद्यात जन्म गेला, आता पाणीच मास्तर!

पहिल्या दिवशी निम्मा कॅन माझ्या पँटवर. घरी आलो, दारात ही.

“अहो! हे काय?”

“पंप फुटला.”

“मागच्या बाजूने?”

२१ ऑक्टोबर, रविवार

आजचा धडा उतार. ज्या गिअरमध्ये चढ चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं, नाहीतर त्याहून खालच्या. इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकवर सगळा भार नको.

आता इथे मला गप्प बसवेना. उताराचं मला काय सांगता! पोरांसमोर घाटाची गोष्ट काढली — न्यूट्रल, किल्ली बंद, ती शांतता. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

“इंजिन बंद? अख्ख्या घाटात?”

“माथ्यापासून पायथ्यापर्यंत!”

“आणि काकू?”

“ती मागे झोपायची.”

“झोपायच्या?”

“ढाराढूर!”

बाईंनी हेल्मेट डोक्यात चढवलं. मग म्हणाल्या, “काका, आज तुम्ही मागे बसा.”

बसलो. इतक्या वर्षांत मी कुणाच्या मागे बसलेलो नाही हे बसल्यावर लक्षात आलं. बाईंनी पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर नेलं आणि तिथून खाली. सावकाश, दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी शिस्तीत. तरी मागे बसून दिसतं काय, तर समोरच्याचं हेल्मेट. वळण किती आहे कळत नाही. ब्रेक कधी लागणार ते पुढच्याला ठाऊक. पाय कुठे दाबायचे? मी तर नसलेला ब्रेक दाबत होतो! खाली आल्यावर बाई म्हणाल्या, “काका, आता जॅकेट सोडा माझं.” सोडलं. बोटं सुटता सुटेनात.

मध्ये एकदा डोळे मिटले होते. कचरा गेला होता.

२२ ऑक्टोबर

मागे बसणं सोपं नाही हे कबूल. पण मग ही झोपायची कशी? कमालच बाई आहे!

२५ ऑक्टोबर

आज ही वर्कशॉपवर आली. मी सकाळी चष्मा घरी विसरलो होतो, तो द्यायला. मी आतल्या केबिनमध्ये फोनवर होतो. काचेतून दिसत होतं — फोरमनने खुर्ची दिली, ही बसली नाही, इकडेतिकडे बघत हिंडत होती, हिच्या सवयीप्रमाणे कुठे काय धूळ बसली आहे ते तपासत. खोक्यांशी गेली. गोणपाट उचललं.

म्हटलं, संपलं!

हिने हेल्मेट हातात घेतलं. फिरवून बघितलं. आतल्या अस्तरावर अंगठा फिरवला. मग दोन्ही हातांनी डोक्यात घातलं आणि दुरुस्तीला आलेल्या स्टीलच्या टाकीसमोर जाऊन उभी राहिली. टाकीत काय दिसणार, वाकडंतिकडंच दिसणार. तरी एकदा या बाजूने बघितलं, एकदा त्या बाजूने. काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली.

फोनवर गिऱ्हाईक “हॅलो, हॅलो” करत होतं. मी बोललोच नाही. बाहेर गेलो असतो तर काढून ठेवलं असतं हिने. जितका वेळ राहील तितका वेळ राहू दे, असं वाटलं.

मग काढलं, होतं तसं ठेवलं, वर गोणपाट घातलं. चष्मा फोरमनकडे देऊन बसने गेली.

रात्री जेवायला बसलो. भाजी वाढताना म्हणाली, “टोपी सापडली का हो?”

“नाही बुवा.”

“बरं. माप मात्र बरोबर आलंय.”

मी घास गिळायचा विसरलो!

“पण एक,” म्हणाली, “घाटात इंजिन बंद करायचं नाही.”

“अगं, मग त्या आवाजात तुला झोप कशी लागणार?”

“नको लागू दे.”

मान्य! सगळं मान्य! रविवारी सकाळी निघायचं.

२८ ऑक्टोबर, रविवार

नाही गेलो.

सगळं झालं होतं. थर्मास भरला, घराला कुलूप लागलं, हिने हेल्मेट घातलं, पट्टाही आवळला. मी गाडी चालू करून वाट बघतोय. हिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, एक पाय फूटरेस्टवर ठेवला — आणि तो तसाच खाली घेतला.

“आज नको.”

“पाठ का?”

“हं. पाठ.”

कुलूप उघडून आत गेली. मी इंजिन बंद केलं. किती तरी वेळ गाडीवरच बसून होतो, कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, पेट्रोल संपलं. मग बादली आणून गाडी धुतली. स्वच्छच होती.

थर्मासमधला चहा संध्याकाळी दोघं प्यायलो. कोमट. खांद्यावर हात ठेवला तेवढी जागा अजून जाणवते. वेडेपणा!

तीन दिवस राहिले.

२९ ऑक्टोबर

संध्याकाळी मी टॉर्चचे सेल आणायला निघालो, तर ही हेल्मेट घेऊन जिन्यात उभी.

“दुकानापर्यंत येते. फक्त दुकानापर्यंत.”

श्वाससुद्धा जपून घेतला मी. पहिला — सोडला क्लच लोण्यासारखा. दुसरा. कोपऱ्याच्या आधीच गिअर खाली, किंचित अ‍ॅक्सिलरेटर, मग क्लच. कान सगळे मागे! टक नाही. डुबुक नाही. पुढे खड्डा दिसला तर मोठ्याने सांगितलं, “खड्डा आहे हं!” हे बाईंनी शिकवलं नव्हतं. टेकडीवर मागे बसलो होतो ना, त्या दिवशी कळलं, मागच्याला कुणीतरी सांगायला हवं.

सेल घेतले. परत निघालो. आमच्या गल्लीशी आलो तेव्हा मागून आवाज आला, “एवढ्यात?”

“मग?”

“जरा लांबून घ्या.”

नदीच्या पुलावरून घेतलं. मग स्टेडियमला वळसा. मग पुन्हा पूल! पाठ गरम. सेल खिशात तसेच राहिले, टॉर्च अजून बंदच आहे. असू दे!

३१ ऑक्टोबर

शेवटच्या दिवशी गेलो. वर्कशॉप बंद ठेवलं. फोरमनला सांगितलं, कुणी मेलं नाही म्हणावं, मालक घाटात गेलेत.

गर्दी होती. आमच्यासारखेच घाटाला निरोप द्यायला आलेले. चढ दुसऱ्यात आणि तिसऱ्यात, इंजिन कुठे कण्हलं नाही. माथ्यावर चहा. आता दोघांना दोन घेता येतात, तरी हिने एकच मागवला आणि म्हणाली, “अर्धा द्या मला.”

मग उतार. हात सवयीने किल्लीकडे गेला होता! मागून नुसतं “अं!” एवढंच ऐकू आलं. हात परत हँडलवर. दुसरा गिअर टाकला. इंजिनने गाडी अशी धरून ठेवली, जसं कुणी लहान मुलाचं मनगट धरून जिना उतरवतं. मी प्रत्येक वळणाआधी ओरडून सांगत होतो — डावं! आता उजवं, मोठं! आणि ही — ही अख्खा घाट बोलत होती! ते झाड बघा, तो ट्रक बघा किती लादलाय, त्या बाईने बाळाला टोपी नाही घातली, हळू घ्या, नाही तसं नको, आता ठीक आहे. घाटात ही बोलते हे मला माहीतच नव्हतं.

आणि मधल्या मोठ्या वळणावर खांद्यावर थाप — “थांबा! अहो, थांबा!”

मी बाजूला घेतली. हिने काच वर केली.

“हे तळं कधी झालं?”

“अगं, कधी झालं काय! होतंच. तू झोपलेली असायचीस.”

ही बघत राहिली. मीही बघितलं, पण खरं तर हिच्याकडेच. तेवढ्यात मागून गाड्यांचे हॉर्न सुरू झाले.

“किती निळं आहे,” म्हणाली.

तिथून पायथ्यापर्यंत हिचा हात माझ्या खांद्यावर होता. शर्ट धरलेला नाही. नुसता ठेवलेला. पायथ्याशी मी ऐटीत म्हटलं, “झाली चोवीस वळणं! एकदाही टक झालं का?” ही हसली. पाणी मागितलं नाही. घरी येईस्तोवर तीन वेळा म्हटलं असेन — झोपली असती तर आणखी मजा आली असती, पण चला, इंजिनचा आवाज होता ना!

आयुष्यात एवढी चांगली गाडी मी चालवलेली नाही.

१ नोव्हेंबर

घाट आज बंद झाला. सकाळी ही चहा गाळत होती. पाठमोरीच म्हणाली, “चोवीस नाहीत हो. सत्तावीस आहेत. झोपले असते, तर दर वर्षी मोजली असती का?”